यूएक्स स्ट्रॅटेजी कशी शिकावी, कशी राबवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट इथल्या कंपन्यांत डिझाइन, प्रॉडक्ट, बिझनेस ॲनालिसिस किंवा सपोर्टमध्ये काम करणाऱ्या, आणि आता स्क्रीन काढण्यापलीकडे जाऊन कंपनीच्या निर्णयांत हात घालू पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत. उदाहरणे बहुतेक एकाच कल्पित कंपनीची आहेत: महापेतली कंपनी, न्हावा शेवा बंदरावर कंटेनर नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरांसाठी गाडी बुकिंग आणि कागदपत्रांचे ॲप बनवणारी. तिचे आकडेही कल्पित आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी वापरता येईल.

यूएक्स स्ट्रॅटेजी म्हणजे नेमके काय?

यूएक्स म्हणजे युजर एक्स्पिरियन्स, प्रॉडक्ट वापरणाऱ्याला येणारा अनुभव. त्याची स्ट्रॅटेजी म्हणजे कोणत्या युजरची कोणती अडचण आधी सोडवायची, कोणाची मुद्दाम मागे ठेवायची आणि त्यातून धंद्याच्या हाती काय लागायला हवे, याचा लेखी निर्णय. यातला मधला भाग बहुतेक कागदांवरून गायब असतो. ‘सर्वांसाठी सोपा आणि सुखद अनुभव’ या वाक्याला कोणीच हरकत घेत नाही, आणि त्यामुळे बॅकलॉगमधले (बाकी कामांच्या यादीतले) एकही काम मागे सरकत नाही. साधी परीक्षा अशी: कागद वाचून झाल्यावर चालू कामांपैकी किमान एकावर फुली मारता आली पाहिजे.

आपल्या कंपनीपुरते हे असे लिहिता येईल: ‘कळंबोलीतल्या, दहापेक्षा कमी गाड्या असलेल्या ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसातल्या माणसाला निर्यात कंटेनरचा फॉर्म १३ (कंटेनर बंदरात आत नेण्याचा कागद) आणि ई-वे बिल पहिल्याच फेरीत बरोबर चढवता यावे. कागदाच्या चुकीमुळे गेटवर अडकणाऱ्या गाड्या महिन्याला ६० आहेत, त्या मार्चअखेर ३० वर आणू. ड्रायव्हरचे वेगळे ॲप आणि मोठ्या शिपिंग कंपन्यांचा डॅशबोर्ड या सहामाहीत करणार नाही.’ शेवटच्या वाक्यावर बैठकीत भांडण होईल. ते तिथेच झालेले बरे, नाहीतर ते पुढच्या प्रत्येक स्प्रिंटमध्ये (कामाच्या एक-दोन आठवड्यांच्या टप्प्यात) थोडे थोडे होत राहते.

पर्सोना (नमुनादाखल युजरचे वर्णन), जर्नी मॅप (युजरच्या कामाचा टप्प्याटप्प्याचा नकाशा), डिझाइन सिस्टिम (बटणे, रंग, अक्षरे यांचा ठरलेला संच) ही साधने आहेत. भिंतीवर जर्नी मॅप लावला म्हणजे स्ट्रॅटेजी झाली असे नव्हे.

मी डिझायनर नाही. मला हे शिकता येईल का?

येईल. सपोर्ट आणि ॲनालिसिसमधून आलेल्यांची बाजू तर काही बाबतींत वरचढ असते, कारण तक्रार कुठून येते आणि पैसा कुठे गळतो हे त्यांना आधीच माहीत असते. त्यांना शिकावे लागते ते समोरच्याला उत्तर न सुचवता प्रश्न विचारणे, आणि कच्चे प्रोटोटाइप (स्क्रीनचे नमुने) घेऊन टेस्टिंग चालवणे. डिझायनरचे उलटे. त्याला कंपनीचा नफा-तोटा पत्रक, किमती कशा ठरतात, करार कधी रिन्यू होतात आणि थोडे एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शिकावे लागते. डेटा टीमकडे रिपोर्ट मागून आठवडाभर वाट पाहणारा माणूस निर्णयाच्या वेळी हजर नसतो.

शिकण्यासाठी जवळपास काय आहे?

पदवीच हवी असेल तर पवईला आयआयटी मुंबईचे आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन आहे. हा विभाग १९६९ पासून चालू आहे, आणि तिथल्या एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ऐरोली पुलावरून मुलुंडकडे उतरले की पवई फार लांब नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी आयडीसीचाच डी-सोर्स हा मोफत साठा आणि एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे डिझाइन, संख्याशास्त्र व व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम पाहावेत.

पण महागडा ‘स्ट्रॅटेजी सर्टिफिकेट’ घेण्याआधी एक फुकटचा अभ्यास करा: सलग दोन आठवडे, रोज एक तास सपोर्ट टीमशेजारी हेडफोन लावून बसा आणि प्रत्येक कॉलची एक ओळ लिहा. कोण होता, काय करायला गेला, कुठे अडला, शेवटी कसे निभावले. चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा. लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून, एक्सेलमध्ये वेगळी यादी ठेवून किंवा ओळखीच्या क्लार्कला फोन करून जे निभावतात, तीच तुमच्या प्रॉडक्टमधली भोके असतात.

कंपनीत सुरुवात कुठून करायची? पहिल्या तीन महिन्यांत काय व्हायला हवे?

पहिले तीन आठवडे फक्त ऐका. सेल्स, सपोर्ट, फायनान्स, डिलिव्हरी, प्रॉडक्ट आणि तंत्रज्ञान अशा सहा-आठ प्रमुखांना प्रत्येकी ४५ मिनिटे भेटा. ‘तुमच्या यूएक्सकडून काय अपेक्षा आहेत?’ हे विचारू नका; ‘जरा रंगसंगती सुधारा’ एवढेच उत्तर मिळते. विचारायचे असे: हे वर्ष चांगले गेले हे मार्चअखेर कशावरून ठरेल? गेल्या सहा महिन्यांत कोणता ग्राहक सुटला आणि जाताना काय म्हणाला? कोणते काम दोनदा करावे लागते? उत्तरे एका तक्त्यात मांडली की दिसते, सेल्सला नवे ग्राहक हवेत आणि फायनान्सला जुन्यांची वसुली. हा विसंवाद कोणी लिहून काढलेला नसतो. तो नीट मांडून समोर ठेवणे हीच तुमची पहिली कमाई.

पुढचे चार आठवडे पुराव्याचे: युजरच्या जागेवर जाऊन निरीक्षण, मुलाखती, सपोर्ट तिकिटांचे वर्गीकरण, वापराचा डेटा. इथे मूळ प्रश्नच बदलू शकतो. आपल्या उदाहरणात सगळ्यांचे मत होते की फॉर्म लांबलचक आहे. कळंबोलीच्या ऑफिसात बसल्यावर कळते की फॉर्म भरताना चूक होतच नाही. आदल्या संध्याकाळी गाडीचा नंबर भरला जातो, पहाटे ती गाडी बिघडते किंवा दुसऱ्या फेरीला जाते आणि मालक दुसरी पाठवतो. गेटवर नंबर जुळत नाही. मग फॉर्म कितीही सुटसुटीत केला तरी काय उपयोग? ऐन वेळी गाडी बदलण्याची सोय मोबाइलवर, दोन टप्प्यांत, हवी.

आठव्या आठवड्यात तीन तासांची कार्यशाळा घ्या, सहा ते आठ जणांची. सकाळी साडेनऊला ठेवू नका. ट्रान्सहार्बर लोकलने येणारे निम्मे लोक धापा टाकत पोहोचतात. पहिली २० मिनिटे सगळ्यांनी न बोलता कागदावर लिहायचे आणि मत देताना सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने शेवटी द्यायचे. आपल्याकडे साहेब बोलले की विषय संपतो, म्हणून हा क्रम पाळाच. शेवटचे चार-पाच आठवडे एकाच लहान पायलटसाठी (प्रायोगिक कामासाठी): एक टीम, एक प्रकारचे ग्राहक, एक आकडा.

घाई झाली की ऐकण्याचे आठवडे कापले जातात आणि थेट कार्यशाळा होते. मग भिंतीवर चिकटलेल्या चिठ्ठ्यांवर युजरची अडचण सापडत नाही. लोकांची आधीचीच मते सापडतात.

किती युजरशी बोलले म्हणजे पुरे?

मुलाखतींसाठी प्रत्येक गटातले सहा ते आठ. मालक, ऑफिसातला माणूस आणि ड्रायव्हर हे तीन गट आहेत. तिघांना मिसळून आठ करू नका.

टेस्टिंगसाठी ‘पाच पुरेत’ हा नियम सगळे सांगतात, त्यामागचे गृहीतक फारसे कोणी सांगत नाही. याकोब नील्सन आणि टॉम लँडॉअर यांच्या १९९३ च्या मांडणीत एखादी अडचण एका युजरला आढळण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली होती. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पण दहापैकी एकालाच येणारी अडचण पाच जणांच्या टेस्टमध्ये दिसण्याची शक्यता ४१ टक्केच उरते. पैशांच्या व्यवहारात किंवा बंदराच्या कागदपत्रांत अशी विरळ चूकच महाग पडते. म्हणून पाच-पाचच्या तीन फेऱ्या घ्या, मधे दुरुस्ती करा आणि विरळ चुकांसाठी एरर लॉग (ॲपमधल्या चुकांची आपोआप होणारी नोंद) पाहा.

पाच जणांवरून टक्केवारी मात्र कधी सांगू नका. २० पैकी १४ जणांनी काम पूर्ण केले तर ७० टक्के म्हणता येते, पण ९५ टक्के विश्वासमर्यादेने खरा आकडा साधारण ४८ ते ८५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. फायनान्सच्या एखाद्या हुशार माणसाने बैठकीत हे विचारले की अख्खे सादरीकरण कोसळते. आधीच सांगून टाका.

ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावू नका. गाडी पार्किंगमध्ये नंबरची वाट पाहत उभी असते तेव्हा २० मिनिटे मागा, चहापाणी आणि ठरलेले मानधन हातात द्या. मालकासमोर ड्रायव्हरला प्रश्न विचारले तर ‘सगळं बरोबर आहे साहेब’ यापलीकडे काही मिळणार नाही.

वरिष्ठांना पैशांच्या भाषेत कसे सांगायचे?

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेक प्रस्ताव याच ठिकाणी पडतात.

समजा महिन्याला १,२०० सपोर्ट कॉल येतात आणि त्यातले ४० टक्के कागदपत्रांबद्दल आहेत. म्हणजे ४८० कॉल. प्रत्येकी ८ मिनिटे धरली तर ३,८४० मिनिटे, ६४ तास. सपोर्टच्या माणसाचा सगळा खर्च धरून तासाला २५० रुपये पडतात असे मानले, तर महिन्याला १६,००० रुपये. यूएक्सचे प्रस्ताव नेहमी या आकड्यावर उभे केले जातात, आणि तो बहुधा इतका किरकोळ असतो की फायनान्स प्रमुख हसून फाइल बाजूला ठेवतात.

खरा पैसा दुसरीकडे असतो. गेटवर ६० गाड्या अडतात. प्रत्येक अडकलेल्या गाडीमागे कंपनीने १,५०० रुपये भरपाई द्यायची अशी करारात अट आहे असे धरू. ते झाले ९०,००० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला १,०६,००० रुपये. कामाचा खर्च नऊ लाख असेल तर सगळी गळती थांबल्यास साडेआठ महिन्यांत वसुली. पण सगळी गळती कधीच थांबत नाही. निम्मी धरली तर ५३,००० रुपये आणि वसुलीला १७ महिने.

दोन्ही आकडे एकाच पानावर द्या. आशावादी आकडा एकटा दिला की समोरचा मनातल्या मनात त्याचा चौथा हिस्सा धरतो. निम्म्याचा हिशेब तुम्हीच मांडला की चर्चा ‘खरे आहे का’ वरून ‘करायचे का’ वर येते. १७ महिने जास्त वाटले तर कामाची व्याप्ती कापा: फक्त गाडी बदलण्याची सोय तीन लाखांत होत असेल आणि तिने निम्मी भरपाई, म्हणजे ४५,००० रुपये, वाचत असेल तर सात महिन्यांत पैसे परत.

वेळही साधा. एप्रिल ते मार्च वर्ष असलेल्या कंपनीत बजेटची जुळवाजुळव साधारण डिसेंबर-जानेवारीत होते. अमेरिकी पालक कंपनीच्या ऐरोलीतल्या केंद्रात कॅलेंडर वर्ष चालत असेल तर ती ऑक्टोबरलाच सुरू होते. मार्चमध्ये नेलेल्या उत्तम प्रस्तावाला ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर असते.

मोजायचे काय?

एक मुख्य आकडा, त्याला आवर घालणारा दुसरा, आणि दोन्हींची आजची स्थिती. काम सुरू होण्याआधी किमान चार आठवड्यांची स्थिती नोंदवा. नंतर ती कोणालाही आठवत नाही. गाडी बदलण्याची सोय वाढवली तर चुकीच्या गाडीला परवानगी मिळण्याचे प्रकार वाढले का, हा आवर घालणारा आकडा.

गूगलमधून आलेली हार्ट चौकट (समाधान, सहभाग, स्वीकार, टिकून राहणे, काम पूर्ण होणे) यादी म्हणून उपयोगी आहे, पण पाचही मोजायला जाऊ नका. कामाच्या ॲपमध्ये ‘सहभाग’ वाढणे ही अनेकदा वाईट बातमी असते. माणूस ॲपवर जास्त वेळ घालवतोय कारण त्याचे काम होत नाही.

सस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केली. प्रत्येक उत्तर १ ते ५ मध्ये असते. विषम क्रमांकाच्या विधानांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचे उत्तर ५ मधून वजा करायचे, बेरीज २.५ ने गुणायची. ० ते १०० मधला आकडा येतो, पण ती टक्केवारी नव्हे. साधारण सरासरी ६८ मानतात. सम विधाने नकारार्थी असतात. मराठीतून घेताना लोक तिथे हमखास गोंधळतात आणि उलट्या टोकावर खूण करतात. विधान वाचून दाखवा आणि ‘म्हणजे तुम्हाला अवघड वाटले का?’ असे एकदा विचारून खात्री करा.

आमची सर्व्हिस कंपनी आहे, क्लायंट परदेशात. आमच्या हातात स्ट्रॅटेजी कशी येणार?

पूर्ण येणार नाही, हे आधी मान्य करा. कोणता बाजार, कोणते ग्राहक हे क्लायंट ठरवतो. पण कामाचा क्रम आणि पुरावा तुमच्या हातात येऊ शकतो. त्यासाठी प्रस्तावातच दोन आठवड्यांचा, वेगळी किंमत असलेला शोधटप्पा घाला आणि क्लायंटच्या पाच युजरना भेटण्याची अट एसओडब्ल्यूमध्ये (कामाची व्याप्ती ठरवणाऱ्या करारात) लिहून घ्या. नंतर ‘युजर मिळवून द्या’ म्हणून मेल पाठवत बसलात तर प्रोजेक्ट संपेपर्यंत कोणी मिळत नाही.

आत एक अडथळा असतो आणि तो उघडपणे कोणी बोलत नाही: चुकीच्या रिक्वायरमेंटमुळे येणाऱ्या चेंज रिक्वेस्टचे (नंतर मागितलेल्या बदलांचे) वेगळे पैसे मिळतात. चांगल्या यूएक्सने ती कमाई घटते. डिलिव्हरी हेड तुमच्या विरोधात का आहे हे यावरून समजेल. त्याच्यासमोर युजरचे हित घेऊन जाऊ नका. फिक्स्ड प्राइस, म्हणजे ठरलेल्या किमतीचा, प्रोजेक्ट निवडा. तिथे फेरकामाचा भार आपल्याच कंपनीच्या खिशावर पडतो आणि डिलिव्हरी हेड लगेच ऐकतो.

साहेबांना त्यांच्या आवडीचे फीचर हवेच असते. काय करायचे?

नाही म्हणू नका, किंमत सांगा. ‘हे घेतले तर गाडी बदलण्याची सोय सहा आठवडे पुढे जाते, म्हणजे साधारण ६७,००० रुपयांची भरपाई आणखी जाते. चालेल का?’ निर्णय त्यांचा, नोंद तुमची. बैठकीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका.

दुसरा उपाय जास्त परिणामकारक. दर तिमाहीत एकदा त्यांना दोन तास युजरच्या ऑफिसात घेऊन जा. जाताना एकच अट: तिथे कोणाला काही समजावून सांगायचे नाही. स्वतःच्या ॲपवर अडखळणारा माणूस गप्प बसून पाहणे अनेकांना जड जाते, आणि त्यानंतर फार सादरीकरणे लागत नाहीत.

डिझायनर एकत्र ठेवावेत की टीममध्ये वाटून द्यावेत?

चार-पाचांपर्यंत एकत्र. पुढे वाटा, पण रिपोर्टिंग डिझाइन प्रमुखाकडेच ठेवा आणि आठवड्याला एक तास एकमेकांचे काम तपासण्यासाठी राखा. पूर्ण वाटून दिले की प्रत्येक टीममध्ये वेगळे बटण आणि वेगळी भाषा तयार होते. संशोधन करणारी व्यक्ती एकच असेल तर तिला कुठल्याही एका टीमला देऊ नका.

कोणते कायदे माहीत हवेत?

तीन विषय तरी हवेतच. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध (ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनविरुद्ध) मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत १३ प्रकार सांगितले. कार्टमध्ये गुपचूप वस्तू घालणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडू न देणे हे त्यातले. ‘ग्रोथ’च्या नावाखाली असे काही मागितले गेले तर वादात आवडनिवड आणू नका, ही यादी समोर ठेवा.

दुसरा, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, पाहण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे हवे. हीच शिस्त आपल्या मुलाखतींनाही लावा: रेकॉर्डिंग कशासाठी, कोण पाहणार, कधी पुसणार, हे मराठीत एका पानावर.

तिसरा विषय दिव्यांगांच्या वापराचा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीसंबंधीच्या (ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्यासंबंधीच्या) निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बँका आणि विमा कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांनी हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घ्यावे. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवणे, ही सुरुवात आजच करता येते.

ॲप मराठीत करणे हा स्ट्रॅटेजीचा भाग आहे का?

युजर कोण यावर ठरते. करायचे ठरले तर भाषांतरासाठी शेवटचा आठवडा ठेवू नका. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, त्यामुळे ओळींमधली जागा वाढवावी लागते. बटणांवरचा मजकूर लांबतो. गाडीचा आणि कंटेनरचा नंबर मात्र कागदावर असतो तसाच, रोमन अक्षरांत राहू द्या. मराठी मजकुराची तपासणी रोज तो वापरणाऱ्या ऑफिसातल्या माणसाकडून करून घ्या.

एआय वापरून युजर रिसर्च होईल का?

मुलाखतींचे रेकॉर्डिंग लिहून काढणे, तिकिटांचे पहिले वर्गीकरण, यासाठी जरूर वापरा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलणाऱ्यांचा असा मजकूर मात्र ओळीओळीने तपासा. एआयला ‘कळंबोलीतला ट्रान्सपोर्टर हो’ असे सांगून त्याची मुलाखत घेणे हा वेळेचा अपव्यय आहे. पहाटे गाडी बदलते हे तो स्वतःहून सांगणार नाही.

नोकरी बदलताना पोर्टफोलिओत काय दाखवू?

सुबक स्क्रीन दोन पुरेत. बाकी जागेत काय करायचे नाही ठरले, कशावरून ठरले, आधीचा आणि नंतरचा आकडा, कोणी विरोध केला आणि तो कशाने मावळला, हे लिहा. क्लायंटची नावे आणि खरे आकडे करारानुसार झाका. ‘निम्म्याने घटले’ एवढे चालते.

स्ट्रॅटेजी किती दिवसांनी बदलावी?

आकडे दर महिन्याला पाहा, दिशा दर सहा महिन्यांनी. मध्येच बदलावी लागण्याची रास्त कारणे मोजकीच: नियम बदलला, मोठा ग्राहक सुटला, किंवा मूळ गृहीतक खोटे ठरले. त्यासाठी कागद लिहितानाच एक ओळ घालून ठेवा: ‘सोय सुरू झाल्यावर आठ आठवड्यांत अडकलेल्या गाड्या ५० च्या खाली आल्या नाहीत, तर हे काम थांबवून कारण पुन्हा शोधू.’ ही ओळ कोणाच्या नावावर आहे तेही शेजारी लिहा. नाव नसेल तर आठव्या आठवड्यात ती कोणी उघडत नाही.